पोटमाळ्यावरचं लग्न

मे महिन्यात महाडचा वारा सकाळीच पडतो. ऊन अजून समोरच्या भिंतीवरून खाली उतरलं नव्हतं, तरी राजेंद्रचा बनियन पाठीला चिकटला होता. आदल्या दिवशी पाचाडला लग्नाचं शूटिंग झालं होतं. लायटीच्या वायरी धुळीनं माखल्या होत्या. एकेक वायर ओल्या फडक्यानं पुसायची, कोपर आणि अंगठ्यात धरून गुंडाळायची. केस काळे होते तेव्हापासून त्याची सकाळ अशीच जायची.

वरून पीं-पीं आवाज सुरू झाला.

"अहो, तुमची पेटी रडतेय," ललिता आतून म्हणाली.

राजेंद्रच्या हातातली वायर खाली पडली.

पेटी म्हणजे चपलांच्या खोक्याएवढा काळा डबा. आत दोन डिस्का. एकीत जे भराल ते आपोआप दुसरीतही उतरायचं. एक मेली तरी दुसरी आहे, असा हिशोब. एक वायर थेट खालच्या संगणकाला. शेजारचा आमोद पुण्याला नोकरीला होता, त्यानं शिमग्याला येऊन ती बसवून दिली होती.

"कुठं ठेवू, काका?" आमोदनं विचारलं होतं.

हा काय महाडकरानं विचारायचा प्रश्न? २००५ च्या पुरात राजेंद्रच्या या घरवजा दुकानात पुरुषभर पाणी होतं. कपाटातल्या लग्नांच्या टेपांचा चिखल झाला. तेव्हापासून दर पावसाळ्यात नगरपालिकेचा भोंगा वाजला की राजेंद्र संगणक, टीव्ही, कॅमेरे, तांदळाची गोण, सगळं शिडीनं पोटमाळ्यावर चढवायचा आणि पाणी ओसरलं की उतरवायचा. गुडघे आता कुरकुरायचे. निदान ही एक वस्तू तरी एकदाच वर चढवायची, मग भोंगा वाजला तरी तिच्यापुरतं अंग हलवायचं नाही, एवढीच त्याची हौस होती. आमोदनंही मान डोलावली. शिमग्यात पोटमाळ्यावर छान गार होतं.

आता पत्र्याखाली डोकं घातलं तर भट्टीच, कालचं ऊन अजून आत कोंडलेलं. डब्यावर एक दिवा लाल, एक हिरवा. हात लावला तर चटका.

त्यानं पुण्याला फोन लावला.

"काका, एक डिस्क गेली," आमोद म्हणाला. "आधी बंद करा. खाली आणा, गार होऊ द्या, मग लावा. आणि जे दुसरीकडं कुठंच नाही ते पहिल्यांदा संगणकावर उतरवून घ्या. दुसरीचाही आता भरवसा नाही."

दुसरीकडं कुठंच नव्हतं असं एकच लग्न होतं. बनुबाईच्या धाकट्या लेकीचं. बाकीच्यांच्या सीड्या देऊन झाल्या होत्या. हिच्या चित्रणाचे तुकडे अजून जोडायचेच होते, आणि पेटीवर विसंबून त्यानं टेपा पुसून पुढच्या लग्नांना वापरल्या होत्या. बनुबाई कशेडीकडच्या वाडीतली. तिच्या थोरलीचं लग्नही यानंच काढलेलं, आणि ते पुरात गेलेलं. तेव्हा बाई एक शब्द बोलली नव्हती. उलट धाकटीचं ठरल्यावर ती पुन्हा याच दुकानात आली. ते न बोलणं राजेंद्रला शिव्यांपेक्षा जड गेलं होतं.

पेटी त्यानं मोरीशेजारच्या फरशीवर ठेवली. घरात गार जागा तेवढीच. पुराचं पाणी पहिल्यांदा शिरलं होतं तेही तिथूनच. ती निवल्यावर त्यानं संगणकावरची जुनी दोन लग्नं पुसून जागा केली, धाकटीचं उतरवायला लावलं, आणि वीज गेली. लोडशेडिंग. इन्व्हर्टरवर पेटी आणि संगणक चालले. पंखाही लावला असता तर इन्व्हर्टरनं मध्येच मान टाकली असती. राजेंद्र उकिडवा बसून पुठ्ठ्यानं पेटीला वारा घालू लागला.

"बाळ आजारी हाय काय रे?"

दारात बनुबाई. डोक्यावर पिशवी, पिशवीत रातांबे.

"मावशी, तुम्ही आज?"

"तुला फोन करून येव काय? लगीन झाला त्याला किती दिस झाले! जावई विचारतो, सीडी कधी? त्याला सांगितला, आमचा राजेंद्र तुमच्या मुंबईवाल्यांसारखा नाय, सावकाश करतो."

ललितानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि नवऱ्याकडं पाहिलं. थापा मारायला राजेंद्रकडं पुष्कळ होत्या. पण अंगात त्राण नव्हतं.

"मावशी, धाकटीचं लग्न या पेटीत आहे. वर उन्हानं निम्मी पेटी जळाली. उरलेल्या निम्म्यातून आता काढतोय. निघेल की नाही, सांगता येत नाही."

बनुबाई पाणी प्यायची थांबली.

"थोरलीचा पुरात गेला," ती म्हणाली. "हिचा उन्हात जायचा काय?"

राजेंद्रचा हात थांबला. बाई पदर खोचून फरशीवर बसली.

"थांबतोस काय? दे हिकडं तो पुठ्ठा. तुझा वारा म्हंजे म्हशीनं कान हलवल्यासारखा."

ती वारा घालत राहिली. संगणकावरची हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. मध्येच अडली तेव्हा बनुबाईनं पुठ्ठा आणखी जोरात हलवला. मग पुन्हा सरकली. वीज येण्याआधी पट्टी भरली.

राजेंद्रनं लावून पाहिलं. धाकटी, अंगभर हळद, दात काढून हसणारी. मागं बनुबाई कुणावर तरी ओरडत होती.

"या बया, मी येवढी वराडते गो?" बनुबाई ललिताला म्हणाली, आणि पदरानं घाम पुसताना डोळेही पुसले.

राजेंद्रनं पुन्हा फोन लावला. "निघालं रे सगळं. आता पेटी ठेवू कुठं?"

"नवी डिस्क घेऊन येतो, काका. तोवर खालीच असू द्या. तिथंच गार आहे."

"आणि पावसात?"

"पावसात... वर न्यावी लागेल."

"काय म्हनतो?" बनुबाईनं विचारलं.

"उन्हाळ्यात खाली, पावसाळ्यात वर."

"मग? आमी ढोरांचा नाय करत? उन्हाळ्यात झाडाखाली, पावसात गोठ्यात."

ललिता हसली. राजेंद्रला हसू आलं नाही. त्यानं एकदा शिडीकडं पाहिलं, गुडघ्यावरून हात फिरवला. मग ओट्याखालचं फडकं पुन्हा ओलं केलं. संध्याकाळी पोलादपूरला हळद होती, आणि निम्म्या वायरी पुसायच्या राहिल्या होत्या.