गळा एकीचा, चेहरा दुसरीचा

टीव्हीवरच्या गाण्यांवर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका मनापासून संतापणारा माणूस अख्ख्या मिरा-भाईंदरमध्ये दुसरा सापडला नसता. रिमिक्सचं पेव फुटलं होतं ती वर्षं. बर्फात उघड्या दंडांनी नाचणारी बाई दिसली की काकांना तिच्या न्यूमोनियाची काळजी लागे. विरहाने व्याकूळ नायक समुद्राकडे बघत गिटार छेडू लागला की ते ओरडत, "अरे, वाजतेय बासरी! हा काय खाजवतोय?" पण खरा राग श्वासाचा. "एवढी लांब तान घेतली, मग हिनं श्वास घेतला कुठे? मासळी आहे का ही?" असं विचारताना ते माझ्याकडे असे बघत, जणू तो श्वास मीच लपवून ठेवलाय.

तशात काकूंनी एका व्हीसीडीसाठी गाणं गायलं. काकू खरंच सुरेख गायच्या. सासरी गेलेल्या लेकीची आई उंबऱ्यात बसून तिला आठवतेय, असं ते गाणं. काकांनी पेढे आणून बिल्डिंगला घरी बोलावलं. व्हीसीडी लागली. आवाज काकूंचा, आणि पडद्यावर काशीगावाकडच्या कुठल्याशा रिसॉर्टच्या कारंज्यात भिजणारी विशीतली मुलगी! "आईचं गाणं आहे हे! आई कारंज्यात कशाला भिजेल?" काका कडाडले. "माझ्या गुडघ्यांना झेपलं असतं का ते?" म्हणत काकू हसल्या. पण कव्हरवर फोटो त्या मुलीचा, आणि काकूंचं नाव मागे मुंगीएवढं, तेही चुकलेलं.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन केबिन रोडवरच्या व्हीसीडीच्या दुकानात शिरले. "ये गाना किसने गाया, मालूम है?" दुकानदाराने फोटोवर बोट ठेवलं. काकांनी खिशातून मार्कर काढला आणि कव्हरांवर काकूंचं नाव ठळक लिहायला घेतलं. तिसऱ्या कव्हराला दुकानदार भानावर आला. "अंकल, माल खराब मत करो!"

ती मुलगी जेसल पार्क भागात राहते हे कळल्यावर तर काकांना धीरच धरवेना. "जाब विचारतो तिला." ते तिथे आरडाओरडा करतील म्हणून काकूही निघाल्या, आणि साक्षीदार म्हणून मी. दार तिनेच उघडलं. अंगात गाऊन, केसांना चपचपीत तेल. काकांनी सुरुवात केली, "दुसऱ्याच्या गळ्यावर..."

"अहो, हळू," काकू म्हणाल्या.

तेवढ्या दोन शब्दांवर मुलगी चमकली. "तो आवाज तुमचा?" तिने वाकून नमस्कारच केला. "कारंजं माझ्या मनाचं नव्हतं हो काकू. डायरेक्टर म्हणाले, म्हातारी आई कोण बघणार! ओठ जुळवायला महिनाभर तुमचं गाणं ऐकत होते. दुसऱ्या कडव्यात 'उंबरा' म्हणायच्या आधी तुम्ही अर्धाच श्वास घेता ना? श्वास दिसू द्यायचा नाही असं सांगितलेलं, म्हणून मी तिथे तो मान वळवून घेतला."

काकूंनी तिचा हात हातात घेतला. जाब विचारायला आलेल्या काकांनी विचारलं, "जेवलीस का, बाळ?"

परतताना मी रिक्षात ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसलो होतो. रेल्वे फाटकापाशी रिक्षा थांबली. मग काकांचा आवाज आला, मी कधी ऐकला नव्हता इतका हळू.

"ती श्वासाची जागा फक्त मलाच माहीत आहे, असं वाटायचं मला."

मी मागे वळून बघितलं नाही.