फवारणीचं गाणं

मी गाणी लिहितो. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात वाजतात, लग्नात डीजेवर वाजतात, आणि त्यांत हुंडा, दारू, पोरींची शाळा असलं काहीतरी मी घुसवतोच. लोक म्हणतात, भाऊ समाजासाठी लिहितात. मीही तेच मिरवत फिरायचो. आता कोणी म्हटलं की अंगावर येतं.

चार वर्षांपूर्वी माझे भाऊजी, ताईचा नवरा, गेले. कपाशीवर फवारणी करत होते, तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत, वारा समोरून. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात संपले. आमच्याकडे बाया नुसत्या रडत नाहीत, सूर धरून, बोल काढून रडतात. प्रत्येकीचा सूर वेगळा, आणि जन्मभर तोच. ताईनं अंगणात टाहो फोडला, "झाकून ठेवली भाकर, आता कोनाले वाढू वं माय..." मी भिंतीला टेकून रडत होतो. खरंच रडत होतो. आणि रडता रडता मनात आलं, हा मुखडा आहे.

काय म्हणावं अशा माणसाला?

महिनाभरात गाणं तयार झालं. बोल तिचे, सूर तिचा. पुढे तोंड बांधा, मोजे घाला, हे सगळं मी जोडलं. नेरपासून पुसदपर्यंत वाजलं. एका शेतकऱ्यानं रस्त्यात माझे हात धरले, "भाऊ, तुमचं गानं आयकून मोजे घेतले मी." त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. ताईला मी विचारलंच नव्हतं. तिला बरंच वाटेल, असं धरून चाललो होतो.

तिनं बाजाराला जाणं सोडलं. जीपमध्ये तेच गाणं, किराणा दुकानात तेच. एकदा मी म्हटलं, "ताई, लोकं वाचून राह्यले ना याच्यानं." ती तांदूळ निवडत होती. "वाचू दे ना रे. मी कुठं नाई म्हनते?" एवढंच बोलली. मला वाटलं, सुटलो.

यंदा आमची माय गेली. अंगणात बाया जमल्या. ताई मायच्या उशाशी बसली. थोरली लेक सूर धरते, मग बाकीच्या. ताईनं तोंडाला पदर लावला आणि "वं माय..." म्हणून सुरुवात केली. सूर तोच. दुसरा कुठून आणणार ती? शेजारची नवी सून जवळच्या बाईला हळूच म्हणाली, "फवारनीचं गानं होय ना हे?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. दोघीतिघींनी माझ्याकडे पाहिलं.

ताई थांबली. पुन्हा तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. बाया वाट पाहत होत्या. शेवटी काकूनं सूर धरला. मायला उचललं तेव्हाही ताईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि गावातल्या बाया त्यावर कुजबुजल्या.

मी जवळ जाऊन बसलो. "ताई, रड ना वं. मोकळी हो."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "कायनं रडू? माह्यापाशी तेवढंच होतं. मायसाठी तरी ठेवाचं होतं."