सावरीखालचा खराटा

मोहफुलं वेचायची तर आधी झाडाखालचा पाला जाळतात. कुरखेड्याकडच्या आमच्या गावांत ही रीत कोणाला शिकवावी लागत नाही. फागुन आला की मोहाची पानं गळून जमीन झाकून जाते. त्या पाल्यात फूल शोधत बसलं तर अर्धा दिवस तिथंच जातो. म्हणून काडी लावायची. जमीन काळी झाली की पहाटे पडलेलं फूल तिच्यावर लांबून दिसतं आणि टोपली भराभर भरते. जंगलात वणवे लागतात ते बरेचसे अशाच काडीनं. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळेच जाळतात.

केसरबाई जांभुळकर जाळत नसे. ती खराटा घेऊन झाडायची.

तिची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आमच्या बांधीला लागून. धुऱ्यावर, दोन्ही शेतांमधल्या बांधावर, मोहाची रांग. त्यातली दोन-चार झाडं तिची, बाकीची दुसऱ्यांची. रांगेच्या मधोमध एक जुनी सावर, सरळ वर गेलेली, खोडावर कोणाचा पाय ठरू नये अशी. धानकापणी झाली की त्या सावरीवर आग्या माशा येत. सुपाएवढी काळी पोळी फांद्यांना लटकत. पावसाळा तोंडावर आला की एक दिवस झाड रिकामं. दरवर्षी असंच. या माशांना धूर आणि आच लागली की त्या उतरतात, आणि उतरल्या की समोर माणूस आहे की बैल हे पाहत नाहीत. म्हणून खराटा.

आता खुशालचं सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. खुशाल हा केसरबाईचा नवरा. दिसायला देखणा, हाताचा वाईट. बैल हाकायच्या तुतारीनं तो तिला मारायचा, आणि गावात हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात भरदुपारी, पिऊन, तो पेटता टेंभा घेऊन सावरीवर चढला. मध काढणारे अंधार पडल्यावर चढतात. खुशालनं पैज लावली होती. टेंभा हातातून सुटला. तो कसाबसा खाली आला आणि बोडीच्या पाण्याकडे पळाला. पाण्यात बुडी मारली की माशा निघून जातात असं पुष्कळांना वाटतं. नाही जात. त्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात. तो श्वासाला वर यायचा आणि डोक्यावर माशांचं टोपलं बसायचं. केसरबाई मोहाखाली होती. ती आडवी पडली, पोतं अंगावर ओढलं आणि हलली नाही. पोत्याच्या विणीतून तिला बोडी दिसत होती.

संध्याकाळी माणसं रॉकेल घेऊन आली. नवरा गेला, आता बाई स्वतःच म्हणेल की जाळा, असा सगळ्यांचा हिशोब. ती सावरीच्या बुडाशी उभी राहिली आणि म्हणाली, "जाळाले तो गेला होता. त्या नाई आल्या त्याच्या घरी."

माणसं परतली. तिच्या बोलण्याचा मान ठेवून नव्हे. खुशालचं सुजलेलं तोंड नुकतंच पाहिलेलं असताना वर चढायला कोणी तयार नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून तिला बोलणं सुरू झालं. नवरा खाणाऱ्या माशांची नोकरी करते. मारणारा गेला म्हणून बाईनं माशांचे पाय धरले. धाकटा दीर हरिदास यानं तिला गावातल्या घरातून काढलं. ज्या घरच्या मयतीचं हिला सुतक नाही वाटलं त्या घरात हिचं काय काम, म्हणाला. ती बांधीवर दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं घर बांधून राहिली, सावरीपासून हाकेच्या अंतरावर. माशा काऊन राखतेस, असं मी तिला विचारलं होतं. एकदा म्हणाली, सासू राखायची. दुसऱ्यांदा म्हणाली, झाडावर हायेत तर मी कोण काढणारी. तिसऱ्यांदा मात्र चिडून म्हणाली, "बाई, त्या मले काई मागत नाई." यातलं खरं कोणतं ते तिला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. गावाचं म्हणणं खरं असलं तरी मी तिला बोल लावणार नाही.

माशा तिला ओळखत होत्या असं हल्ली लोक सांगतात. ते खोटं आहे. माशी कोणाला ओळखत नाही. केसरबाईलाही चावत. फक्त ती वागायची नीट. मोहाच्या दिवसांत डोक्याला वासाचं तेल नाही. अंगावर माशी बसली तर झटकायची नाही आणि फुंकायचीही नाही, तिची ती उठेपर्यंत हात जिथं असेल तिथं ठेवायचा. चावली तर नखानं काटा खरवडून काढायचा आणि त्या जागी ओला चिखल चोपडायचा, कारण काट्याच्या, तशाच चिरडलेल्या माशीच्या, वासानं दुसऱ्या येतात. पोतं कायम खांद्यावर. यात चमत्कार कुठं आहे? आपल्याला धीर नसतो, तिला होता.

पण स्वतःच्या झाडांखाली झाडून भागत नव्हतं. शेजारच्या मोहाखाली आग लावली तरी धूर सावरीलाच जाणार. पहिल्यांदा मुखरू आला. त्याची झाडं सावरीला अगदी खेटून. तो काडी ओढणार तोच केसरबाई धावली. म्हणाली, "थांब मुखरूभाऊ, जाळू नको. मी झाडून देतो."

हे शब्द तिला फार महागात पडले. मुखरूनं गावात जाऊन सांगितलं असणार. पुढल्या फागुनात हरिदास धुऱ्यावर येऊन उभा राहिला. काडीपेटी कानाशी धरून त्यानं ती खुळखुळ वाजवली.

"काय करून राह्यले, भाऊजी?" तिनं विचारलं.

"काई नाई, वहिनी. काड्या हायेत का पाहून राह्यलो."

तिनं त्याचीही झाडं झाडून दिली. मग रांगेतली सगळीच. पाचसहा वर्षं हे चाललं. पुढे पुढे कोणाला तोंडानं बोलावंसुद्धा लागत नसे. धुऱ्यावरून जाता जाता काडीपेटी वाजवायची, की ही खराटा घेऊन हजर. उजाडायच्या आधीपासून ती लोकांच्या झाडांखाली वाकलेली, आणि स्वतःच्या झाडांपाशी पोचेपर्यंत तिची फुलं बकऱ्यांनी खाल्लेली. माणसं आयत्या स्वच्छ जमिनीवर बसून वेचत आणि वर खोट काढत. इथी काड्या राह्यल्या, तिथी खडे राह्यले. हरिदासची बायको सत्यशीला बोअरिंगवर पाणी भरताना म्हणायची, आमच्या जाऊबाईले माशायनं नोकरी देल्ली, सरकारी हाय, सुटी नाई. बायका हसायच्या. त्या हसणाऱ्यांत मोहाचं एकही झाड नसलेल्याही होत्या.

या आयाबाया काही राक्षसिणी नव्हत्या. दुसऱ्या कोणाच्या घरी मयत झाली तर याच पहिल्या पोचत. पण एखादं माणूस कशाला घाबरतं ते एकदा कळलं की त्याच्याकडून काय वाट्टेल ते करून घेता येतं, आणि हे कळल्यावर सोडून देणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

सत्त्याऐंशीच्या मार्चात तिची कंबर धरली. उठता येईना. अंगात ताप. सत्यशीला नव्हे, मीच रोज सकाळी तिची खाट अंगणात उन्हाला काढून द्यायची आणि माझ्या कामाला जायची. तिनं वाटेनं जाणाऱ्या एकाबरोबर हरिदासला निरोप धाडला होता, की चार दिवस दम धरा, उठले की झाडून देतो. उत्तर आलं की मोहफूल तुझ्या कंबरेसाठी थांबत नाई.

दुसऱ्या सकाळी हरिदास, सत्यशीला आणि मुखरू धुऱ्यावर आले आणि त्यांनी पाला पेटवला. इतक्या वर्षांत जाळायची सवय मोडलेली. वाऱ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आग रांगेखालून सरपटत सावरीच्या बुडाशी गेली, तिथल्या वाळल्या वेलाला लागली आणि वेलाबरोबर वर चढली.

माशा उतरल्या तेव्हा तिघं पळाले. सर्वांत जवळचं घर केसरबाईचं. ती खाटेवरून ओरडली, "पळू नका, आडवे पडा, काईतरी अंगावर घ्या." ऐकायला कोण थांबतंय. तिघं तिच्या खाटेला वळसा घालून तिच्याच घरात शिरले आणि आतून कडी लावली. उठू न शकणारी घरमालकीण बाहेर.

तिनं गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. तेवढंच तिला करता येण्यासारखं होतं. पायाचा एक पंजा बाहेर राहिला होता, तो आत घ्यायला हलावं लागलं असतं, म्हणून तिनं तो तसाच राहू दिला. खुंट्याला तिची बकरी बांधलेली होती, दुभती. दावं हातभर लांब. आधी बकरी ओरडली, मग खुंट्याभोवती फिरत राहिली, दावं आखूड आखूड होत गेलं. मग आवाज थांबला. केसरबाईनं हे सगळं गोधडीखालून ऐकलं. आतल्या तिघांनी माशा केसांतून आणि कपड्यांतून घरात नेल्याच होत्या. ते एकमेकांच्या अंगावर वहाणांनी माशा चिरडत होते, आणि चिरडलेल्या माशांच्या वासानं कवेलूच्या फटींतून आणखी माशा आत शिरत होत्या. तेही तिला ऐकू येत होतं. आडवे पडा, असं तिनं आणखी एकदा ओरडून सांगितलं. मग नाही सांगितलं.

मेलं कोणी नाही. हरिदासचे कान पपईसारखे सुजले, मुखरूला दोन दिवस दिसलं नाही, सत्यशीलाला बैलगाडीत घालून कुरखेड्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मी धावत गेले तेव्हा केसरबाईचा तो पाय खांबासारखा झाला होता आणि ती बकरीकडे पाहत होती. हरिदास दारातून बाहेर आला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "तुझ्या माशायनं मारलं असतं आज आमाले."

दिवस मावळल्यावर गावातली माणसं जमली. या वेळी नीट तयारीनं. लांब बांबूंना चिंध्या, चिंध्यांना रॉकेल. उंच मचाण बांधलं. एकेक पोळं पेटून खाली आलं. मेण वितळून टपटपत होतं, पांढऱ्या अळ्या राखेत पडत होत्या, आणि सकाळी कोंबड्यांनी त्या वेचल्या. केसरबाईची खाट मी आत घेऊ का म्हणून विचारलं तर नको म्हणाली. तिनं शेवटचं पोळं पडेपर्यंत पाहिलं. रडली वगैरे नाही.

दवाखान्यातून परतल्यावर सत्यशीला वाटीभर मध घेऊन आली. डोळे अजून उघडत नव्हते, पण जीभ चालत होती. "घे जाऊबाई, तुयाच माशायचं हाय." केसरबाईनं वाटी घेतली आणि बोटानं चाटून सगळा मध संपवला. मी समोर होते. तिच्या पोटात अन्न नव्हतं आणि दुधाची बकरी मेली होती. ज्यांना वाटतं की तिनं वाटी भिरकावून द्यायला हवी होती, त्यांनी एकदा उपाशी राहून पाहावं.

त्या वर्षी धानकापणी झाली आणि माशा आल्या नाहीत. केसरबाई रोज सकाळी तोंड धुताना वर बघायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सावरीच्या खोडावर वेल जळाल्याचा काळा पट्टा तेवढा होता. कंबर बरीचशी सुधारली होती, फक्त ती आता वाकून चालायची.

अठ्ठ्याऐंशीच्या फागुनात पानं गळली. लोकांनी आठवडाभर वाट पाहिली. माशा नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं, पण स्वच्छ जमिनीची सवय लागलेली. आग लावली की दुसऱ्या दिवसापासून फुलांना राख लागते, राखेचं फूल व्यापारी नाक मुरडून घेतो, हे त्यांना इतक्या वर्षांनी नव्यानं आठवलं होतं. शेवटी हरिदास धुऱ्यावर आला. काडीपेटी कानाशी धरली आणि खुळखुळ वाजवली.

मी माझ्या बांधीत होते. केसरबाई घरातून आली ती हातात काही न घेता. हळूहळू चालत त्याच्यापाशी गेली आणि हात पुढे केला. तो हसला, त्याला वाटलं थट्टा आहे, आणि त्यानं काडीपेटी दिली. तिनं काडी ओढली, स्वतःच्या मोहाखालच्या पाल्याला लावली आणि बाजूला उभी राहून आग पसरताना पाहिली. वारा कुठला आहे ते तिनं आधी बोट ओलं करून पाहून घेतलं होतं. तिच्या झाडांखालचा पाला जळून विझला.

मग हरिदासनं विचारलं, "आन् आमचं, वहिनी?"

तिनं काडीपेटी कानाशी धरून एकदा वाजवली आणि त्याच्या हातात परत दिली. "लय काड्या हायेत, भाऊजी," म्हणाली, आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं काळ्या जमिनीवरची फुलं वेचली. रांगेत सगळ्यांच्या आधी तिचीच टोपली भरली. खराटा तिच्या कुडाला टेकवलेला मी पुढं कित्येक महिने पाहिला. पावसानं त्याच्या काड्या कुजेपर्यंत तो तिथंच होता.

त्या दिवशी ती घरात गेल्यावर हरिदास धुऱ्यावर थोडा वेळ उभा होता. मग तो आपल्या झाडाखाली बसला आणि काडी काढली. ती ओढायच्या आधी त्यानं मान वर करून सावरीकडे पाहिलं. वर नुसत्या फांद्या होत्या.