दाराबाहेरचे एजंट

"मशीन इकायचं बायास्नी, आन् सोता बसायचं रस्त्यावर! लई शाना हाय गं ह्यो," दुकानाची पायरी चढता चढता एक बाई सोबतिणीला म्हणाली.

पायरीवर, दाराकडे पाठ करून, आमचे शिलाई मशीनचे एजंट बसले होते. त्यांचे कान लाल झाले. मान मात्र वळली नाही.

नव्या पेठेत ज्यांनी त्यांना पाहिले असेल, त्यांना त्यांचे बोलणे आठवेल: "वर्णन नको. हात लावू द्या." गिऱ्हाइकाचा हात धरून ते सरळ मशीनच्या चाकावर ठेवत. पण बायकांचा हात कसा धरणार? म्हणून त्यांनी बेत रचला: एक दुपार फक्त बायकांची. आत एकही पुरुष नाही, ते स्वतःही नाहीत. मालक हसले. "एक तरी मशीन खपवा. नाहीतर उद्यापासून तुम्ही मोकळे."

मशीनबरोबर येणारी इंग्रजी पुस्तिका वाचता येते म्हणून मला कामावर घेतले होते. चारचौघींत बोलायचे म्हटले की मी पुस्तिकेत डोके खुपसे. "ताई, बोलू नका," ते म्हणाले, "नुसतं शिवणीवरून भांडण लागू द्या."

ते लागलेच. "मशीनची शिवण पयल्या धुण्यात उसवती," पायरीवर बोललेली तीच बाई म्हणाली. ती विणकराच्या घरातली. साऱ्यांच्या माना डोलल्या. मी एजंटांनी दिलेले कापड पुढे केले. त्यांचेच नवे धोतर, मधोमध कापून मशीनवर जोडलेले. खेचाखेचीसाठी दुसऱ्या कुणाचे कापड मागणे त्यांना पटले नव्हते.

"वढू व्हय?"

मी मान डोलावली.

पदर खोचले गेले. निम्म्या बायका इकडे, निम्म्या तिकडे. "जोर लाव की गं! जेवली न्हाईस व्हय?" टर्रकन आवाज झाला, बायका एकमेकींवर कोसळल्या आणि हशा उसळला. कापड फाटले होते, पण शिवणीपासून वीतभर लांब.

त्या बाईने शिवण नखाने उचकटून पाहिली. "घरी सांगते, ह्येच घ्यायचं. सरका, मला चालवू द्या." तिच्यामागे मशीनपाशी रेटारेटी सुरू झाली.

मी दाराच्या फटीतून पाहिले. बाहेर फक्त फाटल्याचा आवाज पोचला होता, आणि हसणे. एजंट टोपी झटकून घरी निघाले होते. ते वारले त्यालाही आता कितीतरी वर्षे झाली. डोळ्यांपुढे येते ती तीच वाकलेली पाठ.

माणसांनी गजबजलेल्या रस्त्यावर मी दार सताड उघडले आणि ओरडले, "अहो, थांबा! शिवण शाबूत आहे! फाटलं ते धोतर!"