दाणी सरांचं मोजणं

दाणी सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत बाटल्यांमधलं स्पिरिट बदलत होते. हात ओले होते, म्हणून फोन वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा पदराला हात पुसून उचलला. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पलीकडून एवढंच म्हणाल्या, "सुमन, सर गेले. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच..." मी "येते" म्हटलं आणि तिथेच स्टुलावर बसले. त्या क्षणी मनात पहिलं काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण आज सांगायलाच बसले आहे. रडू आलं नाही. मनात आलं, सुटले मी. आता ती गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

सहा आठवडे झाले त्याला. सुटका वगैरे काही झाली नाही, हे वेगळं सांगायला नको.

मधुकर दाणी आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मी त्यांच्या विभागात प्रयोगशाळा सहायक. सोनईच्या शेतकऱ्याची मुलगी, लग्न होऊन नगरला आलेली, नवरा नागापूरला एमआयडीसीत कामाला. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या हातात एक मेलेला मासा आणि एक टाचणी दिली आणि म्हणाले, "याच्या कुशीवरच्या रेषेतले खवले मोजा." मी मोजले. "पुन्हा मोजा." आकडा वेगळा आला. "आता तिसऱ्यांदा." तिसऱ्यांदा मी चिडून मोजले आणि तेव्हा ते बरोबर आले. सर म्हणाले, "रागात बरं मोजता तुम्ही. रोज थोडं रागवत जा." मला मेलीला रागवायला निमित्त लागत नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. ज्या घरात कधी कोणी मासा चाखला नव्हता त्या घरातला हा माणूस दर रविवारी सकाळी आंघोळ करून, देवळात जावं तसा मासळी बाजारात जायचा. विकणाऱ्या बायका त्यांची टिंगल करायच्या. "आला बगा न खानारा मास्तर. घेनार काय न्हाई, निस्ता उलटापालटा करनार." सर खिशातून भिंग काढायचे आणि ढिगातला सगळ्यात किरकोळ, कोणी फुकटही नेणार नाही असा मासा मागून घ्यायचे. आपल्या जिल्ह्याच्या पाण्यात कोणकोणते मासे आहेत त्याची पुरती यादी करायची, एवढी एकच हाव त्या माणसाला होती.

ही यादी वाटते तितकी सोपी नाही. आपल्या जिल्ह्यातलं पाणी दोन दिशांना जातं. मुळा प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला मिळते, आणि सीना दक्षिणेला भीमेकडे निघून जाते. मधली जमीन थोडीशीच, पण मासा काही जमिनीवरून चालत जात नाही. म्हणून सीनेतला मासा मुळेत सापडला तर ती मोठी बातमी, आणि सीनेतच सापडला तर कोणी मान वर करून बघणार नाही. म्हणूनच सरांचा एक नियम होता. मासा बाटलीत गेला की पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठीसुद्धा त्याच वेळी आत गेली पाहिजे. कुठलं पाणी, कोणता दिवस, कोणी धरला. झाकणावर लिहायचं नाही. "झाकणांना पाय असतात, सुमनबाई," असं ते म्हणायचे, आणि मी मान डोलवायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका सोमवारी दोन बाटल्या एकदम आल्या. एक सरांनी मुळा धरणावरून आणली होती, दुसरी दोन विद्यार्थ्यांनी मिरजगावच्या बाजूने, सीनेतून. दोन्हींत बोटाएवढी मासळी, बऱ्याच जातींची सरमिसळ. माझ्या मुलाला ताप होता, घरी पळायचं होतं. मी मार्करने दोन झाकणांवर दोन नावं घातली आणि म्हटलं, चिठ्ठ्या उद्या टाकू. तो उद्या पंधरा दिवसांनी उगवला. तेव्हा मी स्पिरिट बदलायला दोन्ही झाकणं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, पुन्हा लावली, मग झाकणं वाचून चिठ्ठ्या लिहिल्या आणि आत सोडल्या. छान वळणदार अक्षरात. आपल्या चुकीला मी स्वतःच कागदपत्रं करून दिली.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी सरांनी मला हाक मारली. मुळेच्या चिठ्ठीच्या बाटलीतला एक मासा त्यांनी बशीत काढला होता. शेपटीच्या अलीकडे काळा ठिपका, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. शास्त्रीय नाव लांबलचक आहे, त्यावाचून वाचकांचं काही अडणार नाही. सरांनी बशी माझ्याकडे सरकवली. "सुमनबाई, हा भीमेकडचा मासा. हा मुळेत कसा?" सगळ्यांना वाटलं असतं तेच त्यांना वाटलं, की जिल्ह्याच्या यादीतली, गोदावरीच्या खोऱ्यातली ही नवी नोंद आहे. आणि माझ्या डोळ्यांपुढे टेबलावर शेजारी शेजारी पडलेली ती दोन झाकणं आली. मी म्हटलं, "छान झालं, सर."

पुढचे अकरा दिवस मला नीट जेवण गेलं नाही. सरांनी लेख लिहिला, एका शोधपत्रिकेने तो घ्यायचं कबूल केलं, फक्त पुण्याच्या एका तज्ज्ञांनी मासा डोळ्यांनी पाहायचा राहिला होता. सर त्याच वर्षी निवृत्त होणार होते. निरोपसमारंभात ही बातमी सांगायची म्हणून प्राचार्यांनी फलकाचा मजकूरसुद्धा ठरवला. कोणी अभिनंदन करायला आलं की सर सगळ्यांना सांगत, "चिठ्ठ्या या बाईंच्या. नोंदी यांच्या." मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. बाराव्या दिवशी पार्सल द्यायला आम्ही दोघं कुरियरच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने विचारलं, "आत काय आहे?" सर म्हणाले, "मासा." पोरगा म्हणाला, "वास मारेल ना, काका." सर हसले, पेन काढून पावतीवर सही करायला वाकले, आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, पाठवू नका."

बाहेर लिंबाखालच्या पारावर बसून मी सगळं सांगितलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी कुठलं झाकण लावलं, आठवतं?" मी नाही म्हटलं. पार्सल त्यांनी मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे अर्धी शक्यता. अर्धी शक्यता छापत नाहीत, सुमनबाई..." दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रिकेला कळवलं की पावसाळ्यापर्यंत थांबा. धरण भरलं की जाळी तळापर्यंत पोचत नाहीत, म्हणजे हातात तेवढाच वेळ होता. त्यात मुळेत तो मासा एकदा जरी सापडला असता, तरी सरांचा लेख वाचला असता.

तो उन्हाळा कडक होता. डॉक्टरांनी सरांना उन्हात फिरायला मनाई केली होती, हृदय थकलेलं होतं. तरी आम्ही दर रविवारी पहाटेच्या एसटीने धरणावर जायचो. तिथे मासेमारी करणारे किसनदादा सरांचे जुने स्नेही. ते जाळं ओढून आणायचे, मी ढीग पसरायचे, सर भिंग लावून एकेक मासा बाजूला करायचे. चिलापी, रोहू, कटला, पुन्हा चिलापी. एकदा ठिपक्याचा एक मासा दिसला आणि सरांनी भिंग दोनदा पुसलं. मोजला, तर दुसराच निघाला. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सर ओल्या चिखलात मटकन खाली बसले. तोंड पांढरं, कपाळावर घाम. मला वाटलं, संपलं, मी या माणसाचा जीव घेतला. किसनदादांनी त्यांना उचलून सावलीत नेलं, पाणी पाजलं. "मास्तर, मासा काय पळून चाललाय व्हय? तुमी गप बसा, आमी बगतो." सर म्हणाले, "किसनदादा, तुम्ही खरं सांगा. हा मासा इथे कधी बघितलाय?" किसनदादांनी आम्ही बरोबर नेलेली बाटली उजेडात धरली. "बगितला असं न्हाई म्हनत. पन न्हाईच असं तरी कसं म्हनू? पानी लई हाय."

त्यानंतरच्या बुधवारी आम्ही मिरजगावला गेलो. सीनेच्या एका डबक्यात पहिल्याच जाळ्यात तो मासा आला. एक नाही, सात. सरांनी सातही मोजले, माझ्याकडून मोजून घेतले, आणि भिंग खिशात ठेवून दिलं. प्राचार्य म्हणाले, "सीनेत आहे म्हणून मुळेत नाही असं थोडंच ठरतं? लेख जाऊ द्या." सरांनी लेख मागे घेतला. पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. त्यात होतं, माझ्या संग्रहाच्या नोंदीत चूक झाली आहे, जबाबदारी माझी. मी म्हटलं, "सर, माझं नाव घाला." ते म्हणाले, "मी चार महिन्यांनी घरी बसणार. तुम्हाला अजून नोकरी करायची आहे, आणि ती कायमसुद्धा झालेली नाही. मला चूक परवडते." मी गप्प बसले. मला ते सोयीचं होतं, हे आज लिहायलाच हवं.

पत्रात खोटं काही नव्हतं. पण लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की दाणी सरांना मासा ओळखता आला नाही, खवले मोजताना चुकले, वय झालं. "दाणींचा मासा पळाला," असं कोणीतरी स्टाफरूममध्ये म्हणालं आणि सगळे हसले. मी तिथेच कपाटात बाटल्या लावत होते. मीही खोडून काढलं नाही. निरोपसमारंभ झाला, शाल झाली, नारळ झाला. सर मासळी बाजारात जायचे हळूहळू थांबले. यादी अर्धीच राहिली. मी विचारलं की म्हणायचे, "बघू, ऊन उतरू दे."

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी किसनदादा कॉलेजात आले. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, तिच्यात एक मासा. "मास्तर न्हाईत, ठाव हाय मला," ते म्हणाले. "पन मंग दाऊ कुनाला?" मासा मुळेतला होता, त्यांनी आदल्या दिवशी स्वतः धरलेला. मी दार लावून घेतलं आणि मोजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चिडून. शेपटीच्या अलीकडे ठिपका, मिशांच्या दोन जोड्या, खवल्यांचा आकडा तोच. मत्स्यबीजाच्या टेम्पोतून आला असेल, पुराच्या पाण्यात कुठून वाहत आला असेल, की आधीपासूनच होता, ते मला ठरवता येणार नाही. सरांच्या बाटलीतला मासा मुळेचा होता की सीनेचा, तेही आता कधीच कळणार नाही. पण हा मुळेत आहे. चिठ्ठी लिहून आत टाकली आणि बाटली पिशवीत घालून सरळ काकूंकडे गेले.

काकूंच्या घरात माशाची बाटली कधी उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. सर बिचारे बाटल्या दाराबाहेर चपलांच्या मांडणीवर ठेवायचे. मीही सवयीने तिथेच ठेवली. काकूंनी विचारलं, "काय आणलंस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आत आण." सरांच्या टेबलावर मी बाटली ठेवली आणि उभ्या उभ्याच त्यांना सगळं सांगितलं. झाकणं, अकरा दिवस, पत्र, स्टाफरूम. काकू म्हणाल्या, "म्हणजे त्यांचं मोजणं चुकलं नव्हतं?"

"कधीच नाही, काकू. चुकले मी."

"आणि हे त्यांना माहीत होतं."

"हो."

काकू खुर्चीत बसल्या. "लोक म्हणाले म्हणून मलाही तेच वाटलं गं. मी विचारलं तर नुसते हसले. तीन वर्षं मी त्यांना चिडवत होते, सुमन. जेवताना पोळी मागितली की मी म्हणायचे, किती झाल्या ते मोजता येतं ना नीट, की माशासारखं? आणि ते हसायचे. म्हणायचे, तूच मोज."

त्यांचे पाय धरावेत असं वाटत होतं, पण धैर्य झालं नाही. काकूंनी टेबलाच्या खणातून सरांचं भिंग काढलं, पदराने पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. "आता माझ्यासमोर मोज," त्या म्हणाल्या. मी मासा बाहेर काढून बशीत ठेवला आणि टाचणीचं टोक पहिल्या खवल्यावर टेकवलं. काकू शेजारी वाकून उभ्या राहिल्या आणि माझ्याबरोबर मोठ्याने मोजू लागल्या. आकडा पुरा झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुन्हा."