मळ्यातला पातेरा

सुक्या पानांचा धूर नाकात गेला की आजही माझी चुळबुळ सुरू होते. मालवणजवळच्या एका गावात बायका मिळून भाजीचा मळा करत होत्या. शिकवायला येणाऱ्या बाई इंग्रजीत बोलत आणि मी ते मराठीत सांगत असे. बाईंना वाफे पातेऱ्याने, म्हणजे गळलेल्या पानांनी, झाकलेले दिसले तरच विहिरीला पंप मिळणार होता आणि डोक्यावरून पाणी आणणं थांबणार होतं. बाई पाहायला येणार त्या सकाळी मी पोचले, तर सगळ्यांत वयस्कर मावशी काडेपेटी घेऊन उभी. "बाये, भाजूया मां आता? भाजल्याशिवाय तरवो खंय रुजता?" भाताच्या रोपांसाठी बायका दरवर्षी पातेरा असाच भाजत; इथे मात्र तो न भाजता वाफ्यांवर तसाच ठेवायचा होता. मी नको म्हणणार, तेवढ्यात मागून कुणीतरी मला पोरगी समजून हसलं, "ह्या इंग्लिश शाळेतला चेडू, ह्येका काय इचारतंस गो?" माझे कान तापले आणि मी गप्प राहिले. मावशीने काडी ओढली. बाई आल्या तेव्हा वाफे काळे पडले होते. हे कुणी करायला सांगितलं, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे एकदा बघून मावशी म्हणाली, "तिका सांग, चेडवान बरोबर सांगलेल्यान, आमकाच उमगाक नाय." पंप आला नाही. आता असे वर्ग मीच घेते आणि अडलं तर विचारा, असं बायकांना दहादा बजावते. पण मावशीचं ते वाक्य तेव्हा मी, एकही शब्द न गाळता, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं होतं, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.