चुकणाऱ्याला गुडदाणी

भालेराव सरांच्या वर्गात उत्तर बरोबर आलं तर काहीच मिळायचं नाही. चुकलं तर गूळ-शेंगदाण्यांची गुडदाणी मिळायची. कागदाच्या पुडीत बांधून ती ते शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि त्या खिशाला बारा महिने मुंग्या. कळंबच्या ज्युनिअर कॉलेजात ते आम्हाला फिजिक्स शिकवायचे. कुठलाही प्रयोग असो, आधी बोट नाचवत म्हणायचे, "आदी सांग, मग बघ!" आपण काहीतरी ठोकून द्यायचं. अंदाज फसला की सर टाळी वाजवून ओरडायचे, "चुकली! लई भारी!"

मी पडले हुशार. पहिले कितीतरी दिवस माझं काही चुकेना आणि गुडदाणी काही मिळेना. शेवटी सरांनी मला गाठलंच. "सुनीता, प्रकाश म्हंजी लाट का कण?" मी म्हटलं, लाट. "चुकली!" मग कण. "परत चुकली!" माझ्या हातावर दोन खडे ठेवून ते टेबलावर चढून बसले आणि तास संपला तरी बोलत राहिले. प्रकाश दोन्ही असतो, त्याचा एकेक कण सुटा करता येतो, तो माणसाच्या हुकमात आला की त्याच्यावर चालणारी नवीच यंत्रं निघतील, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. "ती यंत्रं बांदाया माणसं लागतील का न्हाई? मग त्यात तू का नको?" असं ते म्हणाले. क्वांटम हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. माझ्या गावापर्यंत, महाळुंगे पडवळपर्यंत, एस.टी.त मला बसायला जागा होती, तरी मी उभीच होते.

पण घरी अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ठरलेलं होतं. बारावी झाली की डी.एड., मग जवळपासच्या शाळेत नोकरी. पुण्याला जाऊन फिजिक्स शिकायचं म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्याचं पुढं काय व्हतं?" अण्णांच्या शब्दाबाहेर गावात कुणी जात नसे, मी काय जाणार?

निकालानंतरच्या रविवारी सर लुनावरून दारात हजर. माझी वकिली करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चहा घेतला, मधल्या घराची दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि जत्रेत मिळतो तसला किल्लीला अडकवायचा लाल लेझर काढला. माझा एक केस मागून घेतला आणि लेझरच्या तोंडावर आडवा चिकटवला. मग समोरच्या भिंतीकडे बोट करून म्हणाले, "अण्णा, आदी सांगा. भिंतीवर काय पडंल?"

"केसाची सावली. दुसरं काय पडनार?"

सरांनी बटण दाबलं. भिंतभर लाल ठिपक्यांची रांग उमटली. मधे अंधार, परत ठिपका, परत अंधार.

"चुकलात! लई भारी!" सर ओरडले आणि अण्णांच्या हातावर त्यांनी गुडदाणी ठेवली. अण्णांना तोंडावर चुकलात म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

अण्णा उठले, भिंतीपाशी गेले, ठिपक्यांवरून हात फिरवून आले. मग त्यांनी मिशीचा एक केस उपटला. "ह्यो लावा. ह्यो जाड हाय."

"आदी सांगा! ठिपके लांब लांब जातील का जवळ येतील?"

"जाड केस, म्हंजी लांब."

ठिपके जवळ आले. अण्णांना दुसरा खडा मिळाला. तो तोंडात टाकून ते बराच वेळ भिंतीकडे बघत बसले.

"आन मास्तर, असं का व्हतं?"

"थोडं मला म्हाईत हाय. पन एकेक कण सोडला तरी असंच व्हतं म्हनत्यात, ते मी बघितल्यालं न्हाई," सर म्हणाले. "पोरीला पाठवा. ती बघून येईल आन आपल्या दोघांना सांगंल."

त्या जूनमध्ये मी पुण्याला गेले. ट्रंक अण्णांनी स्वतः उचलून एस.टी.त ठेवली.

सर आता नाहीत. त्यांची आठवण आली की मला पुढचा एक रविवार आठवतो, मी प्रकाशाच्या सुट्या कणांवर संशोधन करू लागले होते तेव्हाचा. मी सरांना त्यांच्या गावाहून, पिंपळवंडीहून, पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं होतं. प्रकाश इतका मंद केला होता की कण एकेकटाच यावा. वाटेत आडवा केस होता, अण्णांच्या मिशीचाच, मुद्दाम मागून आणलेला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका कणाचा एक असे ठिपके पडू लागले, एक इथं, एक तिथं. बघता बघता त्यांचे पट्टे झाले. सर खुर्चीच्या टोकावर आले होते.

"एकेक येतोय, तरी पट्टे!" ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले.

मग मी बोट नाचवलं. "सर, आधी सांगा. पुढचा ठिपका कुठं पडेल?"

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. ठिपका भलतीकडेच पडला. मी पर्समधून गुडदाणी काढली. त्यांनी दुसरीकडे बोट ठेवलं. परत चुकले.

"ह्याचं उत्तर कोन देतं मग?"

"कुणीच नाही, सर. पट्टे कुठं होतील ते सांगता येतं. पुढचा एक कण कुठं पडेल, ते जगात कुणालाच सांगता येत नाही."

सर माझ्याकडे वळले. "कुनालाच न्हाई? सगळीच चुकत्यात?" आणि त्यांनी वर्गात वाजवायचे तशी टाळी वाजवली. "लई भारी!"

गुडदाणी संपली, शेवटची एस.टी. जवळ आली, तरी सर उठेनात. पडद्यावर बोट ठेवायचे, चुकायचे, हसायचे आणि मला म्हणायचे, "थांब गं, अजून एकदा."